‘द बॅड गाईज’ (२०२२): काय जमलं, काय हुकलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या टोळीने घातलेले दरोडे हा अॅनिमेशनपटांचा आवडता विषय आहे. तरी ‘द बॅड गाईज’बद्दल प्रश्न येत राहतात. मुलांना दाखवावा का, शेवट पटतो का, लांडग्याच्या शेपटीचं एवढं कौतुक कशासाठी, वगैरे. मला हा चित्रपट मनापासून आवडतो आणि त्यातल्या काही गोष्टी तितक्याच मनापासून खटकतात. उत्तरांत दोन्ही येईल. पहिले काही प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांनीही बिनधास्त वाचावेत. कथा कुठून फुटते ते पुढे स्पष्ट सांगितलं आहे.

हा चित्रपट कुणी केला?

ड्रीमवर्क्स अॅनिमेशनने. दिग्दर्शक पियेर पेरिफेल मूळचे फ्रान्सचे. पॅरिसच्या गोबेलाँ या नावाजलेल्या अॅनिमेशन शाळेत ते शिकले, ड्रीमवर्क्समध्ये बरीच वर्षं अॅनिमेटर होते, आणि पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पटकथा ईटन कोहेन यांची, संगीत डॅनियल पेंबर्टन यांचं. अमेरिकेत तो २२ एप्रिल २०२२ला प्रदर्शित झाला. लांबी १०० मिनिटं. जगभरात त्याने सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. निर्मितीचा खर्च याच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या अॅनिमेशनपटासाठी बेताचाच.

आधी पुस्तकं वाचायला हवीत का?

नाही. ऑस्ट्रेलियन लेखक-चित्रकार आरन ब्लेबी यांची ही मालिका २०१५मध्ये सुरू झाली. नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठीची, कृष्णधवल चित्रांनी भरलेली पुस्तकं आहेत ती. चित्रपटाने त्यांतली टोळी घेतली, वृत्ती घेतली आणि कथा बरीचशी नव्याने रचली. पहिल्या पुस्तकात ही मंडळी कोंडवाड्यातल्या २०० कुत्र्यांना सोडवायला निघतात. चित्रपटात त्याऐवजी प्रयोगशाळेतले गिनिपिग आहेत. पुस्तकातला कोळी नर आहे, पडद्यावर ती कोळीण झाली. एकंदर हे बदल कथेच्या पथ्यावरच पडले आहेत.

कथा काय आहे? शेवट न फोडता सांगा.

लांडगा, साप, शार्क, पिरान्हा आणि टॅरंट्युला. ज्यांच्या नुसत्या नावाने माणसं पळतात अशा पाच जणांची टोळी. जग आपल्याला वाईटच समजतं, तर मग वाईटपणातच नाव काढू, असा त्यांचा हिशेब. डायान फॉक्सिंग्टन ही कोल्हीण नव्याने गव्हर्नर झालेली असते. ती टीव्हीवर या टोळीची ‘जुनाट, संपलेले’ अशी संभावना करते आणि लांडग्याचा अहंकार दुखावतो. मग ‘गोल्डन डॉल्फिन’ या पुरस्कारचिन्हाच्या चोरीचा बेत ठरतो. बेत फसतो, टोळी पकडली जाते. तुरुंग टाळण्यासाठी लांडगा एक शक्कल लढवतो: आम्ही सुधारतो, आम्हाला संधी द्या. शिकवायला तयार होतो प्रोफेसर मार्मलेड, समाजसेवेसाठी गौरवलेला एक गोंडस गिनिपिग. सुधारण्याचं सोंग आणायचं आणि संधी मिळताच पुरस्कार लांबवायचा, हा टोळीचा डाव. आणि सोंग वठवता वठवता लांडग्याला ते आवडायला लागतं.

सर्वात मोठं बलस्थान कोणतं?

लांडगा आणि साप यांची मैत्री. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवातीचं दृश्य पाहा. रस्त्याकडेच्या एका उपाहारगृहात दोघे समोरासमोर बसलेत. सापाचा वाढदिवस आहे, त्याला वाढदिवस आवडत नाहीत, लांडगा त्याला डिवचतोय. कॅमेरा हलत नाही, शॉट तुटत नाही, आणि आपण दोन जुन्या मित्रांच्या निरर्थक गप्पा ऐकत राहतो. मुलांच्या अॅनिमेशनपटाची सुरुवात अशी करायला धाडस लागतं. पहिल्या मिनिटात काहीतरी फुटलं, आदळलं, उडालं पाहिजे हा तिथला रिवाज आहे. इथे मात्र सगळा भर बोलण्याच्या लयीवर. मग दोघे उठतात आणि तेव्हा कळतं की बाकीचे सगळे गिऱ्हाईक भिंतीला चिकटून, श्वास रोखून उभे आहेत. दोघे शांतपणे रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत शिरतात.

या एकाच दृश्यात चित्रपटाचा सगळा ऐवज आहे. एका टेबलावर जिव्हाळा आणि चारी भिंतींना भीती. या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही हे कुणी बोलून दाखवत नाही, ते बसण्याच्या पद्धतीतून कळतं. पुढे लांडगा बदलायला लागतो तेव्हा सापाला जे दुखतं, त्याचं मूळ इथे आहे. आपला एकमेव मित्र चांगला व्हायला निघाला, तर मागे राहिलेल्याने काय करायचं? चित्रपटाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि मला तो फार प्रामाणिक वाटतो.

सॅम रॉकवेल (लांडगा) आणि मार्क मॅरन (साप) यांच्या आवाजांचाही यात मोठा वाटा आहे. रॉकवेलच्या आवाजात सैलसर ऐट आहे, मॅरनच्या आवाजात कायमची किरकिर. ती किरकिर एका जागी थांबते आणि साप गप्प होतो, तेव्हा ते लागतं.

चित्रपट इतका वेगळा का दिसतो?

वास्तवासारखं दिसण्याचा हट्ट त्याने सोडला आहे म्हणून. संगणकी अॅनिमेशनची दोन दशकं केसाचा प्रत्येक तंतू आणि पाण्याचा प्रत्येक थेंब खरा दिसावा यासाठी धडपडण्यात गेली. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ने ती वाट मोडली, आणि मोठ्या स्टुडिओंना कळलं की प्रेक्षक चित्राला चित्र म्हणूनही डोक्यावर घेतो. ‘द बॅड गाईज’ त्या वाटेने गेला, पण नक्कल करत नाही. त्याची ओढ फ्रेंच चित्रकथा आणि जुन्या जपानी साहसी अॅनिमेशनकडे आहे.

नीट पाहिलं तर युक्त्या दिसतात. डोळ्यांच्या कडा, भुवया, तोंडाच्या सुरकुत्या रेषांनी काढल्यासारख्या आहेत. लांडग्याच्या अंगावर लाखो केस दाखवण्याऐवजी केसांचे पुंजके आहेत. धूळ, धूर, ठिणग्या हाताने रेखाटल्यासारख्या उठतात आणि विरतात. मागच्या इमारती दूर जाता जाता तपशील टाकून देतात आणि रंगांचे सपाट ठोकळे होतात. लॉस एंजेलिसची आठवण करून देणारं ते शहर कायम उन्हाने पिवळसर झालेलं असतं.

याचा सर्वाधिक फायदा पाठलागांना होतो. गाडी वळणावर ताणली जाते, चाकं जमीन सोडतात, आणि भौतिकशास्त्राचा नियम मोडला म्हणून आपण तक्रार करत नाही, कारण हे रेखाटन आहे हे डोळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. सुरुवातीच्या पाठलागात लांडगा गाडी चालवता चालवता थेट आपल्याकडे वळून टोळीची ओळख करून देतो. तेही याच मोकळेपणामुळे खपून जातं.

दरोडापट म्हणून कितपत जमलाय?

पूर्वार्धात उत्तम, उत्तरार्धात ठीक.

दरोडापटाचा एक जुना नियम आहे: बेत आधी सविस्तर सांगितला तर तो फसणार, आणि प्रेक्षकापासून लपवला तर तो यशस्वी होणार. चित्रपट दोन्ही तऱ्हा वापरतो. गोल्डन डॉल्फिनच्या समारंभातला दरोडा पहिल्या तऱ्हेचा. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं: टॅरंट्युला संगणक फोडणार, शार्क वेषांतर करणार, पिरान्हा आयत्या वेळी मंचावर गाऊन सगळ्यांचं लक्ष वेधणार. शार्क एवढा अगडबंब असूनही कुठल्याही वेषात कुणाला ओळखू येत नाही, हा विनोद दर वेळी चालतो.

पेंबर्टन यांचं संगीत इथे फार कामी येतं. स्पायडर-व्हर्सचं संगीत त्यांचंच आणि ‘ओशन्स एट’ या दरोडापटाचंही त्यांचंच, दोन्ही २०१८चे. त्यामुळे बास गिटार आणि ब्रासची ती चोरपावलांची चाल त्यांना कशी वाजवायची हे नेमकं ठाऊक आहे.

मात्र हा बेत फसतो तो यंत्रामुळे नाही, पोलिसांमुळेही नाही. तो फसतो लांडग्याच्या शेपटीमुळे, आणि हीच पटकथेतली सर्वात सुंदर गोष्ट आहे.

शेपटीचं काय एवढं?

समारंभात लांडगा एका म्हाताऱ्या बाईची पर्स मारायला जातो. ती जिन्यावरून पडणार असते, तो तिला सावरतो, आणि ती त्याला गुणी बाळ म्हणून शाबासकी देते. त्याची शेपूट हलायला लागते. त्याला ती थांबवता येत नाही. तो गोंधळतो, दचकतो, हाताने धरून ठेवायला बघतो.

चांगुलपणाबद्दलची भाषणं मुलांच्या चित्रपटांत पुष्कळ असतात. इथे भाषण नाही. मनाला कळायच्या आधी शरीराला कळलं, एवढंच दाखवलंय. अॅनिमेशनने करायची गोष्ट हीच असते: आत जे चाललंय त्याला हालचाल देणं. पुढे तीच शेपूट नको त्या क्षणी हलते आणि सगळ्या टोळीला पकडून देते. एकच खूण विनोदासाठी, कथानकाच्या वळणासाठी आणि व्यक्तिरेखेच्या बदलासाठी वापरली आहे. असं काटकसरीचं लेखन पाहिलं की मला मनापासून आनंद होतो.

बाकीचे तिघे लक्षात राहतात का?

लक्षात राहतात, पण फार आत शिरत नाहीत. टॅरंट्युला (ऑक्वाफिना) तिखट बोलते, शार्क (क्रेग रॉबिन्सन) प्रेमळ आहे, पिरान्हा (अँथनी रामोस) तापट आहे आणि ताण आला की त्याच्या पोटात वायू होतो. प्रत्येकाला एक गुण आणि एक विनोद मिळाला, गोष्ट मिळाली नाही. टॅरंट्युलावर सर्वात जास्त अन्याय झालाय असं मला वाटतं. टोळीतली ती एकटी स्त्री, तिची बुद्धी सगळ्यांना तारते, पण तिला सुधारायचं आहे का, तिला काय वाटतं, हे कुणी विचारतच नाही.

पिरान्हाच्या पोटाचे विनोद पहिल्यांदा हसवतात, चौथ्यांदा नाही. लहान मुलांचं मत वेगळं असेल आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

इथून पुढे कथा फुटते का?

हो. चित्रपट पाहायचा असेल तर मुलांच्या वयाबद्दलच्या प्रश्नावर उडी मारा. दुसऱ्या भागाच्या आणि शेवटच्या उत्तरातही कथा फुटते.

खलनायक आधीच ओळखू येतो, ही उणीव नाही का?

आहे. प्रोफेसर मार्मलेड म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा, हे थोड्या मोठ्या मुलांनाही पहिल्या अर्ध्या तासात कळतं. ‘वाईट दिसणारे चांगले निघतात’ असं सांगणाऱ्या कथेत सर्वात गोंडस प्राणी खोटा निघणार हे ओघानेच येतं. त्यामुळे शहराने जपलेली हृदयाच्या आकाराची उल्का त्यानेच चोरवली आणि आळ टोळीवर आणला, हे उघड होतं तेव्हा धक्का बसत नाही.

पण याच उलगड्यात एक बारीक गोष्ट दडली आहे. ती म्हातारी बाई म्हणजे वेष पालटलेला मार्मलेडच होता. म्हणजे ज्या शाबासकीने लांडग्याचं आयुष्य बदललं ती खोटी होती. शाबासकी खोटी, सावरायला पुढे झालेला हात मात्र खरा. यावर थांबायला हवं होतं. लांडग्याने निदान एकदा तरी स्वतःला विचारायला हवं होतं की जे मला जाणवलं तेही खोटंच का? चित्रपट ही गोष्ट मार्मलेडच्या बढाईत उरकतो आणि पुढच्या पाठलागाकडे धावतो. मला ही सर्वात मोठी हुकलेली संधी वाटते. कथानकाच्या कलाटणीसाठी एवढं सुंदर दृश्य उलटं करायचं आणि त्याचा भार मात्र कुणावर टाकायचा नाही, हे काही बरं नाही.

त्या जगाचे नियम कुणाला कळलेत का?

नीटसे नाहीत. शहर माणसांचं आहे. त्यात बोलणारे, कपडे घालणारे प्राणी मोजकेच: टोळी, डायान, मार्मलेड. बाकीचे प्राणी साधेच आहेत. झाडावर अडकलेलं मांजर नुसतं मांजर आहे. गिनिपिगांचं तर फारच अवघड: एक गिनिपिग प्राध्यापक म्हणून पूजला जातो आणि त्याचे शेकडो भाऊबंद प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत बंद आहेत. मार्मलेडला त्यांच्याबद्दल काही वाटतं का? तो त्यांच्यावर मनोनियंत्रण करून धर्मादाय पैशांची चोरी करवतो, एवढंच आपल्याला कळतं.

दंतकथांचं जग सैल असतं हे मान्य. ‘लांडगा आला रे आला’ ऐकताना आपण मेंढ्यांची जनगणना मागत नाही. पण या चित्रपटाचा विषयच ‘जन्मावरून माणसाला जोखणं’ हा आहे. मग त्या जगात कोण जन्माने बोलका, कोण मुका, हे मोघम ठेवून चालत नाही. लांडग्याला लोक का घाबरतात? त्याने बँका लुटल्या म्हणून, की तो लांडगा आहे म्हणून? डायान कोल्हीण आहे, म्हणजे गोष्टींमधली ठरलेली लबाड, तरी ती निवडून आली. तिला जे जमलं ते यांना का जमलं नाही, यावर चित्रपटाकडे धड उत्तर नाही.

शेवट पटतो का?

भावनेने पटतो, न्यायाने नाही.

भावनेची बाजू आधी. साप मार्मलेडला जाऊन मिळतो, लांडगा त्याला वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालतो, आणि नंतर कळतं की सापाने खरी उल्का आधीच बदलून तिथे तिच्यासारखा दिसणारा दिवा ठेवला होता. ही ती लपवलेल्या बेताची दुसरी तऱ्हा. ती फसवणूक वाटत नाही, कारण बीज आधी पेरलेलं आहे: आपली कुठलीच वस्तू कुणाला न देणारा साप मध्यंतरी स्वतःचा लाडका पुश-पॉप (नळीतून वर ढकलून खायचा गोड बर्फगोळा) हिरमुसलेल्या शार्कला देऊन टाकतो. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीला चित्रपटाने दिलेलं उत्तर म्हणजे तो पुश-पॉप.

आता न्याय. डायान ही पूर्वी ‘क्रिमझन पॉ’ नावाची अट्टल चोर होती. तिच्या जुन्या चोरीतला झुंपांगो हिरा मार्मलेडजवळ सापडतो आणि पोलीस त्यालाच क्रिमझन पॉ समजतात. डायान खरं सांगायच्या बेतात असताना टोळी स्वतःहून पोलिसांच्या हवाली होते आणि तिचं गुपित झाकलं जातं. मार्मलेड दुष्ट आहे, शिक्षा त्याला व्हायलाच हवी, पण स्वतःच्या गुन्ह्यांची. चूक कबूल करून किंमत मोजणं हाच सुधारण्याचा मार्ग असं सांगणारा चित्रपट राज्याच्या गव्हर्नरला मात्र त्यातून सूट देतो. टोळी वर्षभर तुरुंगात जाते, ती खुर्चीत राहते. हे मला दर वेळी टोचतं. तिने कबुली दिली असती तर शेवट जास्त अवघड झाला असता, आणि जास्त मोठाही.

चांगुलपणाचा विचार वरवरचा आहे का?

काही ठिकाणी. चांगलं केलं की अंगावर शहारा येतो, शेपूट हलते, मस्त वाटतं, हे खरं आणि गोड आहे. पण चांगलं वागणं पुष्कळदा मस्त वाटत नाही. ज्यांचं चोरलं ते परत करणं, ज्यांना घाबरवलं त्यांच्यासमोर उभं राहणं कंटाळवाणं आणि लाजिरवाणं असतं. भिंतीला चिकटलेली ती गिऱ्हाइकं पुन्हा कुणाच्या हिशेबात येत नाहीत. लुबाडले गेलेले लोक हा या चित्रपटाचा आंधळा कोपरा आहे.

पोलीसप्रमुख मिस्टी लगिन्स विनोदी आहे की नुसती आरडाओरड?

दोन्ही. अॅलेक्स बोरस्टीन यांचा आवाज जोरकस आहे. मनोनियंत्रणाखाली ती उल्का चोरते तो भाग सोडला तर तिला फारसं काही करायला दिलेलं नाही.

कोणत्या वयाच्या मुलांना दाखवावा?

साधारण सहा-सात वर्षांपासून पुढे. रक्तपात नाही. साप गिनिपिगांना गिळतो तेव्हा फार कोवळी मुलं बिचकू शकतात, तो प्रसंग विनोदाने घेतला असला तरी. अमेरिकेत त्याला पीजी, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा, असं प्रमाणपत्र आहे. शेवटचा अर्धा तास गोंगाटाचा आहे, मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी आवाज कमी ठेवा.

मुलांबरोबर पाहिलात तर नंतर त्यांना एकच विचारा: साप लांडग्यावर एवढा का चिडला? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मोठी माणसं ‘मत्सर’ म्हणून मोकळी होतात. मुलं म्हणतात, ‘तो एकटा पडला ना.’

दुसऱ्या भागाने उणिवा भरून काढल्या का?

काही अंशी. ‘द बॅड गाईज २’ ऑगस्ट २०२५मध्ये आला, पेरिफेल यांच्याबरोबर जे. पी. सॅन्स सहदिग्दर्शक. पहिल्या भागाने टाळलेला प्रश्न तो सुरुवातीलाच घेतो: तुरुंगातून सुटलेल्याला नोकरी कोण देणार? टोळी सुधारली आहे, पण कुणी दारात उभं करत नाही, आणि तेवढ्यात मादी चोरांची एक नवी टोळी त्यांना शेवटच्या दरोड्यात ओढते. ती पहिली काही मिनिटं मला फार महत्त्वाची वाटतात. पुढे चित्रपट अवकाशात झेपावतो आणि प्रश्न पुन्हा खाली राहतो. दृश्यं मात्र पहिल्या भागाहून भव्य आहेत.

पुन्हा पाहायचा झाला तर कुठे लक्ष ठेवू?

तीन ठिकाणी. पहिलं, समारंभातल्या त्या म्हाताऱ्या बाईकडे: ती कोण आहे हे माहीत असताना जिन्यावरचा प्रसंग वेगळाच दिसतो. दुसरं, लांडगा बदलत असताना सापाच्या डोळ्यांकडे. हातपाय नसलेल्या प्राण्याला अभिनय करायचा तर पापण्या आणि मान एवढंच हाताशी असतं, आणि अॅनिमेटरांनी त्या दोन गोष्टींतून रुसवा, भीती, माया सगळं काढलं आहे. आणि तिसरं, उपाहारगृहातल्या पहिल्या दृश्यात लांडग्यामागच्या रिकाम्या टेबलांकडे. कप अजून भरलेले आहेत.